दिवाणातला प्राणवायू

मित्रांनो, मी प्राणवायू काढून देणारं एक जुनं यंत्र आहे. खरं नाव कॉन्सन्ट्रेटर. पण ते उच्चारतानाच धाप लागते, आणि मी तर धाप लागलेल्यांसाठीच बनलोय. म्हणून सगळे मला नुसतं ‘मशीन’ म्हणतात. तुम्हीही म्हणा, मला त्याचा राग नाही. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, तो पुढे सांगतो.

उंचीला मी तुमच्या कमरेइतका. खाली चाकं, पुढे पाण्याची बाटली, पाठीवर स्पंजची जाळी. काम माझं सोपं. खोलीतली साधी हवा पाठीमागून आत ओढायची. पोटात पांढरे बारीक दाणे आहेत, त्यांतून ती गाळायची आणि निघालेला प्राणवायू नळीतून माणसाच्या नाकाशी पोचवायचा. सिलिंडरसारखा मी संपत नाही. वीज आणि हवा, एवढंच माझं जेवण. आता तुम्हीच सांगा, ज्याचं जेवण हवा, त्याला पेटीत बंद केलं तर त्याचं काय होणार? माझं तेच झालं.

कारखान्यातून निघालो तो थेट ठाण्यातल्या माजिवड्याच्या एका उंच इमारतीत आलो. महामारीचं वर्ष होतं. विनीत नावाच्या माणसानं आईसाठी मला विकत घेतलेलं. आई थोड्याच दिवसांत बऱ्या झाल्या आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली. शेजारी व्यायामाची सायकल होती. तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे. ती मला म्हणत असल्यासारखं वाटायचं, बाबा रे, आता तुझ्यावर काय वाळत घालतात ते बघ! पण विनीत भला माणूस. एक दिवस त्यानं मला पुसलं, गाडीत घातलं आणि बाळकुमला सुमेधाताईंकडे नेऊन दिलं.

सुमेधाताई एका शाळेच्या ऑफिसात काम करतात. पण त्यांचा जीव अडकलेला असतो तो बाळकुमच्या बुद्धविहारामागच्या एका खोलीत. ज्यांच्याकडे ना विमा, ना कंपनीचं कार्ड, अशांसाठी तिथे त्या मंडळ चालवतात. रविवारी डॉक्टर येऊन फुकट तपासतात. कुणी उरलेली औषधं आणून देतं, कुणी वॉकर, कुणी खाट. कुठल्या डॉक्टरला कधी वेळ आहे, कुणाला काय हवंय, हे सगळं ताई फोनवरून जुळवतात. कान फोनला आणि हात औषधांच्या खोक्यात, असंच मी त्यांना कायम बघितलं.

माझ्यासारखी आणखी काही मशीनं मंडळाकडे होती, आणि सगळ्यांना एकच नियम होता. काम झालं म्हणून मशीन खोलीवर परत आणून ठेवायचं नाही. ज्या घरातलं माणूस बरं झालं, त्या घरानंच ते उचलायचं, पुढच्या घरी पोचवायचं आणि कसं चालवायचं ते स्वतः शिकवायचं. “मशीन मंडळाचं नाही आणि तुमचंही नाही,” ताई प्रत्येकाला सांगायच्या. “ते पुढच्या माणसाचं आहे. तुमच्याकडे फक्त वाटेत थांबलंय.”

काय दिवस होते ते! मी किती घरं बघितली म्हणून सांगू. बाळकुम गावठाणातल्या हौसाबाई पहिल्या दिवशी माझा घुर्रघुर्र आवाज ऐकून खो-खो हसल्या. “यो त आमचे म्हाताऱ्यासारखाच घोरतं!” म्हणाल्या, आणि येता-जाता मला ‘म्हातारा’ म्हणून हाक मारू लागल्या. मला इतका मान कुणी दिला नव्हता.

हौसाबाईंकडून मी शांताबाईंकडे गेलो. शांताबाई बिल्डिंगांमध्ये पोळ्या करायच्या. जुन्या टीबीनं त्यांच्या फुप्फुसांची पार चाळण केलेली. त्यांचे यजमान कुंडलिकभाऊ रिक्षा चालवतात. फार कमी बोलतात. दर रविवारी ते माझी जाळी काढायचे, नळाखाली धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. शांताबाईंचा श्वास सुधारला तसे ते लगेच ताईंना म्हणाले, “सांगा, कुठं नेऊ?”

ताई म्हणाल्या, कल्याणपलीकडे, मोहन्याला.

मग मी रिक्षात बसून काशेळीचा पूल, भिवंडी, कल्याण, शहाड करत मोहन्याला पोचलो. तिथे एका चाळीत विठ्ठलराव आणि शीलावहिनी राहतात. दोघंच. गाव कोकणात. विठ्ठलरावांनी जन्मभर लाकडाच्या वखारीत करवतीवर काम केलं, तो भुसा छातीत बसला आणि वर न्यूमोनियाची भर पडली. मी गेलो तेव्हा त्यांना एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. कुंडलिकभाऊंनी वहिनींना सगळं शिकवलं. बाटलीत पाणी किती, हिरवा दिवा म्हणजे काय, लाल दिवा म्हणजे काय, जाळी कशी धुवायची. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “चांगलं काम कर बाबा.”

मी जीव तोडून काम केलं. वहिनींनी तर डोळ्यांत तेल घालून नवऱ्याला जपलं. विठ्ठलराव उठून बसले, मग चालू लागले, मग भांडूही लागले. डॉक्टर म्हणाले, आता मशीनची गरज नाही. ताईंनी वहिनींना सांगितलं, एका रविवारी मशीन तपासून घ्या, मग पुढचं घर सांगते. वहिनी मला तपासायला बाळकुमला घेऊन गेल्या, आणि नेमका त्याच दिवशी विठ्ठलरावांना ताप भरला.

साधा ताप होता. दुसऱ्या दिवशी उतरलाही. पण वहिनींच्या मनात भीती बसली ती बसली. मशीन घराबाहेर गेलं आणि ताप आला, हे त्यांनी पक्कं धरलं. मला घरी आणून त्यांनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला आणि गावच्या पद्धतीनं गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या यंत्राच्या पायगुणान माझो माणूस उठलो. आता हेका मी घराभायर काढूचंय नाय. तू तेंच्यार नजर ठेव रे म्हाराजा.”

कॉटवर पडलेले विठ्ठलराव गाऱ्हाण्याला होकार द्यायच्या सवयीनं म्हणून गेले, “होय म्हाराजा!” म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण कशाला होकार भरला ते. पण तोंडातून गेलेला शब्द, तो काय परत येतो?

त्याच दिवशी वहिनींनी मला गोधडीत गुंडाळलं, भोवती डांबरगोळ्या पेरल्या आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाच्या पोटात ठेवलं. वरून फळी बसली. फळीवर गादी आली, गादीवर चादर आली. माझ्यासाठी दुनिया संपली.

मित्रांनो, तुम्ही लपाछपी खेळताना कधी कपाटात लपला असाल. थोडा वेळ मजा येते. मग वाटतं, आता कुणीतरी शोधावं. मग वाटतं, आपल्याला विसरले की काय! मी त्या तिसऱ्या वाटण्यात महिनोन् महिने होतो. एका बाजूला पितळेचा हंडा, दुसऱ्या बाजूला लग्नातला शालू आणि एक मोडका टेबलफॅन. हंडा कधीच बोलला नाही. पावसाळा आला तशी लाकडातून ओल झिरपायला लागली. गोधडी दमट झाली. माझ्या पोटातले दाणे फार नाजूक, त्यांना ओल सोसत नाही. मी रोज चाललो असतो तर ते कोरडे राहिले असते. तिथे पडल्या पडल्या ते हळूहळू ओल पीत होते आणि मला ते कळत होतं. ओरडावं म्हटलं तर आवाज विजेशिवाय निघत नाही. असा चिडायचो मी! ज्यानं दुसऱ्याचा कोंडलेला श्वास मोकळा करायचा, त्यालाच कोंडून ठेवलेलं.

वर दिवाणावर विठ्ठलराव झोपायचे. त्यांचीही तीच गत होती. वहिनी त्यांना खिडकी उघडू देत नसत, धूळ येते म्हणून. जिना उतरू देत नसत, धाप लागेल म्हणून. “अगो, जरा नाक्यापर्यंत जाऊन येतो,” ते म्हणायचे. “काही नको. बसा गप,” वहिनी म्हणायच्या. मी खाली कोंडलेला, ते वर कोंडलेले, आणि दोघांवर पहारा करता करता वहिनी स्वतःही पाण्यापुरत्याच दाराबाहेर पडत होत्या. एकदा वहिनी पाणी भरायला गेल्या असताना विठ्ठलरावांनी फळीवर टकटक केलं. “काय रे, बरा आहेस ना?” असं हळूच विचारलं. मला रडू आलं असतं, पण बाटली रिकामी होती.

ताईंचा फोन यायचा. वहिनी म्हणायच्या, “अजून लागतं हो त्यांना. मध्येच दम भरतो.” एकदा ताई स्वतःच बघायला येतेय म्हणाल्या. झाली पळापळ! मला बाहेर काढलं, प्लग लावला आणि विठ्ठलरावांच्या नाकात नळी खुपसली. ते बिचारे कांदाभजी खात होते. तोंडात अर्धं भजं, नाकात नळी. माझ्या दिव्यावर वहिनींनी शोभेसाठी म्हणून रुमाल टाकला, त्यामुळे तो हिरवा की लाल ते कुणाला दिसलंच नाही.

“काका, बरं वाटतंय का?” ताईंनी विचारलं.

“हो,” विठ्ठलराव म्हणाले. वहिनींनी डोळे वटारले. “म्हणजे, नाही.”

ताईंनी विश्वास ठेवला. आजारी माणसाच्या घरात कोण उलटतपासणी घेतं? त्या गेल्या आणि मी परत हंड्याशेजारी गेलो.

आणि मग एका दुपारी दार वाजलं. आवाज ऐकला आणि मी ओळखलं. कुंडलिकभाऊ!

“या या भाऊ,” वहिनी म्हणाल्या. “बसा.”

कुंडलिकभाऊ बसले. कुठे बसले? दिवाणावर. बरोबर माझ्या डोक्यावर.

“शांताबाई कशा आहेत?” विठ्ठलरावांनी विचारलं.

भाऊ म्हणाले, “परत वाढलंय. सरकारी दवाखान्यातून कालच घरी सोडलं. घरी ऑक्सिजन चालू ठेवा म्हणाले. मंडळाची सगळी मशीनं बाहेर आहेत. ताईंनी एक सिलिंडर जमवून दिलाय. संध्याकाळपर्यंत पुरेल.”

“आणि मग?”

“मग बघायचं. प्रियांका बसलीये आईजवळ.” प्रियांका त्यांची लेक.

मला वाटलं आता मागतील. मागा ना भाऊ, मागा! पण त्यांचं आपलं ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललेलं. ताईंनी त्यांना सांगितलेलं ना, मोहन्याच्या काकांना अजून लागतंय म्हणून. तरी न राहवून आले असणार. आणि समोर विठ्ठलरावांना बघून त्यांची जीभ रेटेना. पिशवीची सळसळ ऐकू आली.

“हे द्यायला आलेलो,” भाऊ म्हणाले. “मशीनची जास्तीची जाळी. आमच्याकडे राहून गेलेली. तुमचं रोज चालू असतं ना, तुम्हाला कामाला येईल.”

मित्रांनो, मागायला आलेला माणूस देऊन निघाला होता.

“मशीन दिसत नाही कुठं?” त्यांनी सहज विचारलं.

“आत आहे,” वहिनी म्हणाल्या. आवाज पार खोल गेलेला. “चहा टाकते मी.”

“नको वहिनी, निघतो. विठ्ठलरावांना जपा.”

आणि तेव्हा विठ्ठलराव बोलले. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

“कुंडलिकराव, जरा उठा.”

“काय झालं?”

“उठा म्हणतो ना. तुम्ही त्याच्यावरच बसलाय.”

वहिनी धावत आल्या. “अहो, काय करताय! देवाला शब्द दिलाय आपण. तुम्हाला परत काही झालं तर मी काय करू? मी एकटी काय करू?” त्या रडायलाच लागल्या.

“होईल तेव्हा होईल. तेव्हा माणसं येतीलच, हे आले तसे,” विठ्ठलराव म्हणाले. “त्यांची बायको तिथं तडफडतेय, आणि मी रोज ह्याच्यावर पाय पसरून झोपतोय. मला कसला श्वास येणार, शीला?”

चादर गेली, गादी गेली, फळी वर झाली. उजेड! डोळे असते तर दिपले असते माझे. कुंडलिकभाऊ मला बघत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले, माझ्या पाठीवरची जाळी काढली. तिच्यावर गोधडीची लव घट्ट बसलेली. वहिनींनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि मोरीत जाऊन धुवायला लागल्या, त्यांनीच शिकवलेलं तशी.

तरी वहिनींचा पाय दारातून निघेना. मग विठ्ठलराव देव्हाऱ्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी दुसरं गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, माझ्या बायकोन भीतीपोटी तुका एक शब्द दिल्यान. मीय ‘होय’ म्हटलंय. तो आज मोडूचो लागता. काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, आणि जेचा तेका पोचव रे म्हाराजा.”

कुंडलिकभाऊ दाराशी हात जोडून उभे होते. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “होय म्हाराजा.”

नियमाप्रमाणे वहिनी मला स्वतः घेऊन निघाल्या, आणि विठ्ठलराव त्यांच्या मागून जिना उतरून कुंडलिकभाऊंच्या रिक्षात बसले. रिक्षात मी वहिनींच्या पायाशी होतो. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं.

बाळकुमच्या घरी शांताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ काळेनिळे पडलेले. सिलिंडरचा काटा खाली आलेला. ताईही येऊन पोचल्या होत्या. त्यांनी मला बघितलं, वहिनींकडे बघितलं आणि काही न विचारता प्लग लावला. माझ्या अंगात वीज आली. मी घुरघुरलो! सगळी ताकद लावली. हवा ओढली, दाबली, गाळली. पण दाण्यांनी ओल पिऊन पिऊन केव्हाच मान टाकली होती. माझ्या कपाळावर लाल दिवा लागला. नळीतून निघत होती ती नुसती साधी हवा.

कुंडलिकभाऊंनी मला बंद करून परत चालू केलं. लाल. पुन्हा केलं. लालच.

“पण मी तर नीट गोधडीत ठेवलेलं,” वहिनी म्हणाल्या. “डांबरगोळ्या घातलेल्या. कुणाला हात लावू दिला नाही.”

“म्हणूनच,” ताई म्हणाल्या. “हे न चालवता ठेवलं की मरतं.”

वहिनी मटकन खाली बसल्या. त्यांच्या ध्यानात आलं होतं. उद्या विठ्ठलरावांनाच लागलं असतं, तरी मी असाच लाल दिवा दाखवला असता. इतके महिने ज्याच्या जिवावर त्यांना झोप लागत होती, ते दिवाणात नव्हतंच.

मग त्या एकदम उठल्या. “ताई, बाकीची मशीनं कुणाकडे आहेत?”

“सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात, अजून लागतं.”

“मीही तेच म्हणत होते,” वहिनी म्हणाल्या. “फोन द्या इकडे.”

ताईंनी नंबर लावून दिले. पहिल्या घरात खरोखरच मशीन चालू होतं, माझ्या भावंडाची घुरघुर फोनवरून ऐकू आली. दुसरं घर उचलेना. तिसरा फोन डोंबिवलीला, समृद्धी नावाच्या बाईंना. सासऱ्यांसाठी मशीन नेलेलं.

“हो, अजून लागतं बाबांना,” पलीकडून आवाज आला.

“बाई, मी मोहन्याची शीला. मीही खोटं बोलले,” वहिनी म्हणाल्या. “माझं दिवाणात होतं. ते मेलंय आता, आणि इथे एक बाई समोर गुदमरतेय. तुझ्या पाया पडते, खरं सांग. तुझं दिवाणात आहे की माळ्यावर?”

वहिनींनी फोन कानाला दाबून धरला.

“कपाटावर,” समृद्धी म्हणाली.

सिलिंडरचा काटा तळाला टेकायच्या बेतात होता, तेव्हा समृद्धी दारात आली. मशीन छातीशी धरलेलं, केस विस्कटलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिनं महिन्यातून एकदा तरी ते चालवून बघितलेलं, बिघडलं नाही ना म्हणून. ताईंनी प्लग लावला. हिरवा! शांताबाईंच्या नाकाशी नळी लागली. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघत बसलो. हळूहळू ओठांना रंग आला. मग शांताबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “म्हातारा आला वाटतं!” हौसाबाईंनी दिलेलं नाव त्यांनीही उचललेलं. मी कोपऱ्यात बंद उभा होतो. मला फार फार बरं वाटलं, आणि फार वाईटही.

आता मी विहारामागच्या खोलीत फळीवर असतो. दाणे बदलले तर चालेन म्हणतात. बदलतील तेव्हा बदलतील. मंडळात नवीन रीत पडलीय. प्रत्येक घरानं आपलं मशीन महिन्यातून एकदा इथे आणायचं आणि सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. नुसतं फोनवर विचारणं बंद. विठ्ठलराव कुंडलिकभाऊंच्या रिक्षात पुढे बसून ठाणं-डोंबिवली फिरतात आणि मशीनं पोचवतात. जिना चढताना धाप लागते, पण ते थांबतात, हसतात आणि परत चढतात. ताप अजून आलेला नाही. आला तरी काय करायचं ते आता वहिनींना ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी उपयोगाची एखादी वस्तू असेल. कुबड्या असतील, चष्मा असेल, आजोबांची काठी असेल. ‘लागली तर असू दे’ म्हणून माळ्यावर टाकलेली असेल. तिला एकदा खाली उतरवा. तिला विचारा, बाई, इथे बरं आहे का तुला? ती बोलणार नाही. आम्हाला बोलता येत नाही. पण मी तिच्या जागी होतो, मी सांगतो, तिला बरं नाही.

खोलीची खिडकी उघडी असते. नवीन घर मशीन न्यायला आलं की शीलावहिनी त्यांना आधी माझ्यासमोर आणून उभं करतात. माझ्या डोक्यावरची धूळ पदरानं पुसतात आणि म्हणतात, “हे बघा. याला मी फार जपलं होतं.”